माय मला खोटंच बाहेर बसवायची

बारावीनंतर मी पुण्याला निघाले, तेव्हा नवेगाव बांधच्या बसथांब्यावर मायनं माझ्या बॅगेवर सॅनिटरी पॅडचं पाकीट खोचलं. पारदर्शक पिशवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. आमच्याकडे दुकानदार हे पाकीट पेपरात गुंडाळून देतो आणि माझी माय ते झेंड्यासारखं मिरवून राहिली होती. थांब्यावरच्या बायांनी पाहिलं. मायचं काम झालं. "जाय आता. पोहोचली का फोन करजो," म्हणाली. मला पाळी येत नव्हती. कधीच आली नव्हती.

हे मी गावात राहिलेल्या पोरींसाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. एरवी मी पत्रकं लिहिते. मोठी अक्षरं, शेवटी मागण्या. पण हे पत्रकात मावत नाही.

आमच्या घरी पाळीच्या बाईनं सांदवाडीत, म्हणजे मागच्या अंगणातल्या छपरीखाली, वेगळं बसायचं. रोवणीच्या दिवसांत धानाच्या रोपांना, पऱ्ह्यांना, हात लावायचा नाही. मी पंधराची झाले, सोळाची झाले, काहीच नाही. गावात बोभाटा होऊ नये म्हणून माय मला दर महिन्याला तिथे बसवू लागली. तारीख तीच ठरवायची, आणि संशय नको म्हणून कधी दोन दिवस मागेपुढेही करायची. "माय, मी काऊन बसू?" "बस मुकाट्यानं. लोकं पाहून राहिले." आज मी विटाळाविरुद्ध पत्रकं वाटते, पण खरं सांगते, मला ते दिवस आवडायचे. भांडी नाहीत, शेण नाही. पुस्तक घेऊन बसायचं आणि विचार करायचा, की माझ्यात वेगळं आहे तरी काय?

सतराव्या वर्षी मला नागपूरला नेलं. "हर्निया हाये," माय म्हणाली. ऑपरेशन झालं. नंतर रोज एक 'ताकदीची गोळी'. पुण्यात आल्यावर मला वाटलं, ताकद तर आहे, कशाला हवी? बंद केली. काही महिन्यांत ऐन थंडीत मी घामानं भिजायला लागले. अंग दुखायचं, झोप नाही. हॉस्टेलच्या मुली माझ्या 'काऊन'वर हसायच्या. मी हसण्यावारी न्यायचे, पण जिने चढताना धापा टाकायचे.

शेवटी हार्मोन्सच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी गोळीचं नाव ऐकलं, पोटावरचा टाक्यांचा व्रण पाहिला, तपासण्या केल्या आणि कागदावर चित्र काढून सगळं सांगितलं. शाळेत शिकवतात, दोन एक्स म्हणजे मुलगी, एक्स-वाय म्हणजे मुलगा. माझी गुणसूत्रं एक्स-वाय. गर्भाशय नाही. पोटात अंडाशयांच्या जागी वृषणं होती. ती पुरुषी म्हणतात ते टेस्टोस्टेरॉन बनवत होती, पण माझ्या पेशींना ते ओळखताच येत नाही. दारात येऊन हाका मारतंय आणि आत कुणाला ऐकू जात नाही, असं. मग शरीर त्यातल्याच काही भागाचं इस्ट्रोजेन करतं. माझी छाती, माझी कंबर त्यातून आली. आणि ते बनवणाऱ्या ग्रंथीच 'हर्निया' म्हणून काढल्या होत्या. 'ताकदीची गोळी' म्हणजे त्यांची भरपाई.

मी रडले नाही. त्या चित्राकडे बघत बसले. केवढी भन्नाट गोष्ट! वर्षानुवर्षं माझ्या पोटात चालली होती आणि ती मला सोडून सगळ्यांना माहीत होती. राग आला तो त्यानंतर. फोनवर माय म्हणाली, "डॉक्टर म्हणे, पोरीले सांगू नोका, जीव देईल." माझं शरीर, आणि माझ्याच जिवाची भीती घालून ते माझ्यापासून लपवलं. त्या दिवसापासून मी पत्रकं लिहू लागले.

या पावसाळ्यात मायचा फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीचं, रेणूचंही तेच निघालं. ती आता सतरा वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. "तिले काही सांगजो नोको वो." मी दुसऱ्याच दिवशी निघाले.

घरी पोचले तर रेणू सांदवाडीत बसलेली, माझ्याच जागी. "ताई, मले काही आलं नाई. माय म्हणते बस. तुले तरी माहीत हाये का, मी कायले बसून राहिली?"

मी तिथेच, मातीत काडीनं, तेच चित्र काढलं आणि हे आईच्या एक्समधून येतं तेही दाखवलं. ग्रंथी लगेच काढायची घाई नसते, धोका किती आणि केव्हा ते डॉक्टरांना तिनं स्वतः विचारायचं, ठरवायचंही तिनंच, हेही सांगितलं. रेणूनं इतके प्रश्न विचारले, की मला अर्ध्यांची उत्तरं येईनात. माय उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे माह्याच अंगातून गेलं का हे?"

"तुझ्या दोन एक्सपैकी एकातून, माय. तू काही केलं नाही. ते तुझ्यातून येतं, हे तुला तरी कुठं माहीत होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माय रेणूला म्हणाली, "चाल, पऱ्हे सुकून राहिले."

बांधीत, धानाच्या चिखलवाफ्यात, आम्ही ओळीत वाकलो. शेजारच्या शांतामामीनं मान वर केली. "काऊन वो रेणू, काल तर बाहेर बसली होती ना? आज पऱ्ह्याले हात लावून राहिली?"

मायनं तोंड उघडलं. तिच्याकडे खोटं तयारच असणार. पण त्याआधी रेणू बोलली. "मले येतच नाई, मामी. येणारही नाई."

सगळ्या जणी रेणूकडे वळल्या. माझ्या डोक्यात तर अख्खं पत्रक तयार होतं. मग शांतामामी म्हणाली, "बरं हाये बाई तुहं. मले आजच आली हाये. रोवणी सोडून कोण बसते वो? या बांधीत कोणीच नाई सांगत." आणि दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. माय त्यांच्याकडे बघतच राहिली. येत नसताना तिनं मला वर्षानुवर्षं बसवलं, आणि येत असलेल्या तिच्याच ओळीत लावत होत्या.

संध्याकाळी एकीनं रेणूच्या लग्नाचं विचारलंच. तसं विचारणं काही संपणार नाही. पण रेणूनं डॉक्टरांसाठी तिचे प्रश्न मोबाइलवर बोलून ठेवले आहेत, आणि ऑपरेशनची तारीख मायनंच फोन करून पुढे ढकलली.

घर म्हणजे माझ्यासाठी इतकी वर्षं सांदवाडी होती. जिथं मला न सांगता बसवलं, ती जागा. परवा निघताना माय थांब्यावर आली. बॅगेवर काही खोचलं नाही. बस सुरू झाली तशी खिडकीशी येऊन म्हणाली, "तो माहा एक्स, दोघातला कोणता, पाहाले भेटते का वो?"

"भेटते. रक्त द्यावं लागते."

"मंग दिवाळीले ये. तिघी जाऊ."

आता कुणी विचारलं घर कुठं, तर मी सांगते, जिथं हा प्रश्न माझ्या मायनं विचारला तिथं.