ढगळ ब्लाउजातली बाई

आमची मावशीआजी, म्हणजे बाबांची मावशी, साठ वर्षं शिलाई मशीन चालवतेय. शाळेचे गणवेश, बायकांचे ब्लाउज, दवाखान्यातले डगले, सगळं शिवते. आणि नाकावर माशी बसू देत नाही. भर रस्त्यात अनोळखी माणसाला थांबवून विचारणार, "हा शर्ट कुठल्या गाढवानं शिवला?" आम्ही तोंड लपवायला जागा शोधायची. लग्न केलं नाही तिनं. बाबा वर्षाचे असताना त्यांची आई गेली, तेव्हा ही सोळाची. बाबांना हिनंच वाढवलं.

बाबांकडे त्यांच्या आईचा एकच फोटो, तोही टिचभर. पाकिटात जपून ठेवलेला, कडा पार झिजलेल्या. यंदा त्यांची सत्तरी, म्हणून मी तो चांगला दोन फूट मोठा करून आणला. बाबा हरखून गेले. म्हणाले, "आधी मावशीला दाखवू."

मावशीआजीनं मशीन थांबवलं, चष्मा पुसला. चेहऱ्याकडे बघितलंच नाही. बोट ठेवलं ते थेट ब्लाउजच्या खांद्यावर.

"बघ कसा उतरलाय. मागे तीन पिना लावल्या, तरी ढगळ तो ढगळच."

"मागच्या पिना तुला कुठून दिसल्या गं?" मी हसत विचारलं.

"दिसतायत कशाला? टोचत होत्या मला."

मी कपाळाला हात लावला.

मग तिनं सगळं सांगितलं, कापड कापावं तसं सरळ. ताईचा फोटो कधी काढलाच नव्हता. ती गेल्यावर हिचे वडील म्हणाले, पोराला उद्या दाखवायचं काय? दोघी बहिणी सारख्या दिसायच्या. ताईचे कपडे घालून हिला स्टुडिओत बसवलं आणि तोंड बंद ठेवायला सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. "आणि तू इतकी वर्षं मूग गिळून बसलीस?"

"आधी तो लहान होता. मग मोठा झाला. सांगायचं कधी, तूच सांग."

बाबांनी फोटो भिंतीला टेकवून ठेवला. "मग आई खरी कशी होती?"

"माझ्यासारखीच. फक्त खांद्याला रुंद. साडेपंधरा इंच."

बाबा तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. "माझे मोज."

मला वाटलं, म्हातारी आता काहीतरी गोड बोलेल. छे! तिनं टेप लावली, पुन्हा लावली, आकडा नीट वाचला. "अठरा. बापावर गेलायस."

"म्हणजे आईचं माझ्याकडे काहीच नाही?" बाबांचा आवाज इतका लहान झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मावशीआजीनं टेप गळ्यात टाकली आणि भडकून ओरडली, "मग मी काय मेलेय?"