कोरियाची कला आणि आमचं वावर

नव्वदच्या दशकात जालन्यात दोनच पिकं जोमात होती, प्लॉट आणि सत्कार. मी एका शाळेत चित्रकला शिकवायचो आणि या दोन्हींच्या मधे सापडलो. शहर आमच्या वावराला येऊन टेकलं होतं. एक प्लॉटिंगवाले शेठ आठवड्यातनं दोनदा घरी चहाला यायचे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सही केली की कोपऱ्यावरचा एक प्लॉट मला आणि तिथं माझा स्टुडिओ, असं ठरलं होतं. फक्त आबा सही करत नव्हते. "बघू," एवढंच म्हणायचे. त्या 'बघू'चा मला असा संताप यायचा!

त्याच दिवसांत रद्दीच्या दुकानात कोरियाच्या कलेवरचं एक पुस्तक हाती लागलं. बाप रे, काय माणसं! त्यांचं सोल शहर बघता बघता फुगलं, खेड्यातले लोक तिकडं लोटले, शेतांवर इमारती चढल्या. तिथल्या तरुण चित्रकारांना कुंचला पुरेना. मग त्यांनी दगड घेतले, दोर घेतले, गोणपाट घेतलं, काटेरी तार घेतली आणि तीच कला म्हणून मांडली. मी तर येडाच झालो. जालन्याला हे दाखवायचंच! खर्च कोण करणार? शेठ.

जुन्या जालन्यातल्या एका आडतीवरनं वीस रिकामी पोती आणली. माती आमच्याच वावरातली, विहिरीजवळची. शाळेच्या हॉलमधे मातीचा ढीग घातला, त्यावर दोरानं करकचून बांधलेले दगड ठेवले, भोवती पोती टांगली. शिपाई म्हणाला, "सर, बांधकाम कधी सुरू होऊन राह्यलंय?" मी त्याला अडाणी म्हणालो.

उद्घाटनाला शेठ आले. फीत कापली, शाल घेतली, नारळ घेतला. मग समोर माती, दगड आणि दोर बघून त्यांना वाटलं, हे शाळेच्या नव्या खोल्यांचं भूमिपूजन. मी "अहो शेठ, थांबा!" म्हणेपर्यंत त्यांनी मधल्या दगडावर नारळ फोडला, कुंकू वाहिलं आणि वर कुदळ मागितली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापकांनी खोबरं वाटलं. मीही एक तुकडा खाल्ला, काय करणार!

मग माझं भाषण. विषय, शहरांची वाढ आणि कोरियाची नवी कला. मी पेटलोच होतो. "वावर गेलं की नुसती माती जात नाही, माणसाचं नाव जातं!" असं काहीतरी ठोकून दिलं, आवाजही मुद्दाम दाटून आणला. सगळ्यात आधी टाळी वाजवली शेठनी. आबा शेवटच्या बाकावर बसलेले होते, टोपी मांडीवर ठेवून.

कार्यक्रम आटोपल्यावर ते ढिगाजवळ आले. चिमूटभर माती बोटांत चोळली. "ही हिरीकडची," म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझं बराबर हाय. म्या उगीच बघू बघू करून राह्यल्तो. आता सही बिलकुल करायची न्हाई."

शेठ चार हातांवर उभे, आणि हे असं!

"आबा, हळू बोला! ते कोरियाचं हाय."

"माती तर आपली हाय की."

"अहो, ते भाषणातलं हाय. असं बोलायचं असतं."

"मंग तुला तसं वाटत न्हाई?"

मी शेठकडं बघितलं. आबांनी टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि घराकडं चालायला लागले.

पुढं महिनाभर मी त्यांच्या मागं हात धुऊन लागलो. हॉलमधे जे बोललो, त्याच्या बरोब्बर उलटं रोज जेवताना बोललो. शेजारचे सगळे विकून राह्यलेत, जमाना बदलला, एकट्याचं वावर इमारतींच्या मधे कसं राहील, असं सगळं. शेवटी एके दिवशी रजिस्ट्रीच्या कचेरीत त्यांनी कागद न वाचताच सही केली. सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला आनंद झाला.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"भाषण चांगलं झाल्तं रे तुझं," म्हणाले. "मला खरं वाटलं."