थांबा सर आणि पंचविसावा वाटा

दोन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर, शेवटचा रविवार. रक्कम तीन लाख बारा हजार रुपये. हजर एकोणीस सभासद, आणि सभासद नसलेल्या कमलताई. त्या आमच्या सोसायटीचे चार मजले झाडत आणि घरोघरचा कचरा खाली नेत. रक्कम होती गच्चीवरच्या मोबाइल टॉवरच्या वर्षभराच्या भाड्याची. ती चोवीस फ्लॅटांच्या देखभाल खर्चातून वळती व्हायची, म्हणजे फ्लॅटमागे तेरा हजार. मी खजिनदार होतो.

हा दिवस ज्यांच्यामुळे लक्षात राहिला ते आमचे थांबा सर. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना माहितीपट दाखवायचा नाद होता, पण एकही त्यांनी सलग दाखवल्याचं आठवत नाही. पार्किंगमध्ये पांढरी चादर बांधायची, प्रोजेक्टर लावायचा, आणि लोक जरा गुंतले की "थांबा" म्हणून दिवा लावायचा. मग ठरलेला प्रश्न. "हे तिकडचं झालं. आता आपल्या कोथरूडचं सांगा." लोक वैतागत. सर म्हणत, "सलग बघायचा असेल तर घरी टीव्ही आहे."

नुसत्या माहितीपटाला कोणी येत नाही हे कळल्यावर त्यांनी तो वार्षिक सभेआधी ठेवायला सुरुवात केली. वडे सभा संपल्यावर. "आधी दिले तर गणपूर्ती जिन्याने वर जाईल," हे त्यांचं स्पष्टीकरण.

आकड्यांच्या बाबतीत मात्र ते माझ्यावर विसंबून असत. नव्या सभासदाशी ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे खजिनदार. यांनी सांगितलेलं मी तपासत नाही." मला त्याचा अभिमान होता. माझ्या ऑफिसात सतरा वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं.

त्या रविवारचा माहितीपट श्रीमंत-गरिबांमधल्या वाढत्या दरीवर होता, आणि भांडवलशाही मोडीत न काढता दुरुस्त कशी करता येईल यावर. सरांनी कमलताईंना मुद्दाम बोलावून पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. "सर, साडेआठला पाणी जातं आमचं," असं त्या दोनदा म्हणाल्या. पडद्यावर एक कारखाना आला. तिथे झाडूवाल्यालाही वर्षाच्या नफ्यात वाटा मिळत होता. सर म्हणाले, "थांबा."

दिवा लागला.

"आपली गच्ची कमावते," सर म्हणाले. "पण बिल्डिंग राहण्यासारखी कोण ठेवतं? चोवीसऐवजी पंचवीस वाटे करा. खजिनदार, किती होतात?"

मी सांगितलं, "बारा हजार चारशे ऐंशी. प्रत्येक फ्लॅटचे पाचशे वीस कमी होतील."

"कमलताईंना महिन्याला आपण सहा हजार देतो. डॉक्टरांनी त्यांना दोन महिने जिना चढू नका म्हणून सांगितलंय, गुडघ्यासाठी. दोन महिन्यांचे बारा हजार. हिशेब जमतो."

कमलताई चादरीकडे बघत होत्या. मागून तिसऱ्या मजल्यावरचे देशमुख म्हणाले, "मग लिफ्टलाही एक वाटा द्या सर. तीही दिवसभर राबते."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "लिफ्टच्या दुरुस्तीचा वार्षिक करार आहे, देशमुख. बंद पडली तर दोन तासांत माणूस येतो."

यानंतर कोणी हसलं नाही, पण हातही वर झाला नाही. शेवटी अध्यक्ष माझ्याकडे वळले. "खजिनदार, नियमात बसतं का?"

मी उभा राहिलो. सभासद नसलेल्या व्यक्तीला शिलकीत वाटा देण्याची तरतूद उपविधीत नाही, असं सांगितलं. ते खरं होतं. वाटा देता येत नसला तरी सभेने ठराव केला तर तेवढीच रक्कम बक्षीस म्हणून देता येते, हेही मला माहीत होतं. ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाचशे वीस रुपयांसाठी नव्हे. नऊ वाजत आले होते, पुढे सहा विषय होते, आणि सगळी सभा माझ्याकडे सुटका झाल्यासारखी बघत होती. ते मला आवडलं.

सरांनी विचारलं, "नक्की ना?"

"नक्की सर."

"मग झालं." त्यांनी प्रस्ताव मागे घेतला. माहितीपटाचा उरलेला भाग कोणी बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात सरांनी कमलताईंच्या हातात पाकीट दिलं. मी वरून उतरत होतो.

"कशाचे हो?"

"गच्चीचे. माझ्या हिश्श्याचे पाचशे वीस. हे दान नाही. बाकी तेवीस जणांचं मला जमलं नाही."

कमलताईंनी सुट्टी घेतली नाही. हिवाळाभर त्या एका हाताने कठडा धरून झाडत राहिल्या. कचऱ्याची बादली लिफ्टमधून न्यायची नाही, हा नियम सभेनेच केलेला होता. एप्रिलमध्ये त्यांनी काम सोडलं. एजन्सीचा माणूस आला, महिना साडेनऊ हजार. त्या ठरावाला चर्चा लागली नाही.

सरांना खरं सांगायचं मी दोनदा ठरवलं. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत कोणी पाहुणे होते. सर म्हणाले, "या, यांची ओळख करून देतो," आणि माझ्याबद्दलचं ते नेहमीचं वाक्य म्हणाले. मी चहा घेऊन परत आलो. जुलैमध्ये सर गेले.

मागच्या सप्टेंबरच्या सभेत मी कमलताईंना बारा हजार चारशे ऐंशी रुपये बक्षीस देण्याचा ठराव मांडला. देशमुखांनी अनुमोदन दिलं. चार मिनिटं लागली. अध्यक्ष म्हणाले, "हे गेल्या वर्षीच सांगायचं होतंत." मी म्हटलं, "हो."

पैसे घेऊन वारज्याला गेलो. कमलताईंनी दार उघडायला सुनेला पाठवलं आणि स्वतः बसूनच बोलल्या. त्यांनी नोटा मोजल्या आणि पाचशे वीस परत केले. "सरांचे आलेत की आधी. दोनदा कशाला?"

अकरा हजार नऊशे साठ दिले, कमलताईंना. पाचशे वीस सरांच्या फ्लॅटच्या खात्यावर जमा केले. पावती त्यांच्या मुलीच्या नावाने करावी लागली.