गुहेची फेरी: चार मिनिटांवरून बारा

वॉटर पार्कच्या जाहिरातीत माणशी सातशे. आम्हा दोघांना प्रत्यक्षात पडले बावीसशे नव्वद: तिकिटं चौदाशे, पोहण्याचे भाड्याचे कपडे तीनशे, सीएनजी अडीचशे, दोन वडापाव एकशे ऐंशी, लॉकर शंभर, पार्किंग साठ. जायचं ठरवलं बायकोने, सुनंदाने. "जन्मभर लोकांचे जिने केलेत, आता एकदा घसरगुंडी बघा," म्हणाली.

हडपसरहून आठच्या आत निघालात तर वारजे पाऊण तासात. नऊनंतर निघालात तर किती, ते सांगण्याची माझी हिंमत नाही. वारज्याच्या पुढे सर्व्हिस रोड धरा, पार्कची कमान डावीकडेच आहे. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई, म्हणून दारात रखवालदार पिशव्या उघडून बघतो. टॉवेलाच्या घडीत मात्र हात घालत नाही. आमची धपाटी तिथेच होती.

मोठ्या घसरगुंडीला तासभर रांग. शेजारी सिमेंटची गुहा. आत गुडघाभर पाण्यात वाहत जाणाऱ्या नावा आणि प्लास्टरचे डायनासोर. तिथे आमच्यापुढे एकच जोडपं. नावा सोडणारे नामदेवराव, पन्नाशी उलटलेले, स्टुलावर बसून होते.

"बसा की सायेब. म्हैनाअखेर रोज दोनशे मान्सं झाली न्हाईत तर गुहा पाडनार हायत. पिझ्झाचा स्टॉल करायचाय."

"आणि तुम्ही?"

"पार्किंगात. दिवसभर उन्हात उभं ऱ्हाऊन शिट्टी. ह्ये गुडघं तेवढं चालायचं न्हाईत."

बसलो. पुढच्या नावेतल्या बाई अंधारात नवऱ्यावर करवादल्या, "अहो, लोणचं काढेपर्यंत उजेड आला! झाकण लावा आधी." सुनंदाचंही धपाटं अर्ध्यावर राहिलं. फेरी चार मिनिटांची. एवढ्या वेळात कोण जेवणार?

उतरल्यावर नामदेवरावांना बाजूला घेतलं. "पाण्याचा व्हॉल्व्ह कोण फिरवतं?"

"मीच की."

"दोन आटे आवळा. चारची बारा मिनिटं होऊ देत. गुरुवारी येऊन मी प्रत्येक नावेत डब्यासाठी घडीची फळी बसवतो."

"मालकाला कळलं तर?"

"मालक माणसं मोजतो. मिनिटं नाही."

गुरुवारी पुन्हा सातशे मोजून एकटाच गेलो. रखवालदाराने फळ्यांवर हात ठेवला. "हे काय?"

"खाण्याचं नाही."

त्याने सोडलं. दुपारपर्यंत नऊ नावांना नऊ फळ्या लागल्या. तीस वर्षं फॅब्रिकेशनमध्ये आहे. माझ्या हातची बिजागरी दहा वर्षं जागची हलत नाही, हे नामदेवरावांना ऐकवलं. निघताना घसरगुंडीच्या रांगेत उभं राहून सुनंदाला फोन लावला आणि जरा मोठ्यानेच म्हणालो, "अगं, गुहेत आता बारा मिनिटं अंधार असतो. सावकाश जेवण होतं." आसपासच्या चार बायकांनी पिशव्या सावरल्या.

तुम्ही जाणार असाल तर साडेबाराच्या आत गुहा गाठा, नंतर रांग लागते. कोरडी भाजी न्या. सुकट नको, वास बाहेरपर्यंत येतो. घसरगुंडीवर मी शेवटपर्यंत बसलोच नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

महिनाअखेरीला घरी चहा घेत होतो, तेव्हा नामदेवरावांचा फोन आला.

"सायेब, काल तीनशे चाळीस. गुहा ऱ्हायली. म्या बी ऱ्हायलो."

"आणि फळ्या कशा आहेत?"

"त्या तिसऱ्याच दिवशी काढून ठिवल्या. लोक डबा मांडीवरच घेत्यात."