‘हाथ पीछे’वाल्या वहिनी

आमच्या वहिनींना अख्ख्या नर्सिंग कॉलेजात कुणी शामला मॅडम म्हणत नसे. मुली त्यांना ‘हाथ पीछे मैडम’ म्हणायच्या, तेही त्या पाठमोऱ्या झाल्यावर. वहिनींना ते ठाऊक होतं. एकदा मीच चिडवलं, "काय हो हाथ पीछे मॅडम, आज भाजी कोण चिरणार?" तर म्हणाल्या, "वन्सं, तुमचे दोन्ही हात धड आहेत ना? मग तुम्हीच."

मी त्यांची नणंद, सीमंतिनी. लग्न केलं नाही, पोस्टाच्या काउंटरमागे नोकरी केली आणि रमाकांतदादाच्या घरातच राहिले. गाव हिंदी मुलखातलं; तिथल्या खासगी बाजारात भांड्यांच्या दुकानावरचा मजला, ते आमचं घर. दादा गेल्यावर उरलो वहिनी, मी, त्यांचा मुलगा अभिराम आणि सून यशश्री. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात. पोस्टात लोकांनी मला फार छळलं, त्याचा हा प्रसाद.

वहिनी पहिल्या वर्षाच्या मुलींना नर्सिंगचा पाया शिकवायच्या. इंजेक्शन, पट्ट्या, बाटल्या हे दुसऱ्या मॅडमकडे. वहिनींकडे काय, तर आजारी माणूस म्हणजे कोण, बरं असणं म्हणजे काय, त्याच्या भोवतीच्या खोलीचा, उजेडाचा, माणसांचा त्याच्यावर काय परिणाम होतो, आणि या सगळ्यात नर्सने काय करायचं. मेथी निवडता निवडता त्या उद्याचा तास मला ऐकवायच्या आणि मी नाक मुरडायची. एकदा म्हटलं, "यात शिकवायचं काय आहे? आमच्या आईने आजोबांचं अंथरुणात सगळं केलं, पाण्याचा पेला त्यांना कधी उचलू दिला नाही. तिने कुठे थिअरी वाचली होती?"

वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली. "पहिल्यापासून उचलता येत नव्हता का त्यांना?"

मला आठवलं. पहिल्या दिवसांत आजोबा पेल्याकडे हात न्यायचे. आई धावत यायची. मग न्यायचे बंद झाले. उरलेली मेथी मी रागारागाने तोडली.

त्यांचा सगळा पाया एका गोष्टीवर उभा होता. आजारी माणसाला जे स्वतःला करता येतं, ते दुसऱ्याने करायचं नाही. तो शर्टाचं बटण लावायला लागला की नर्सने शेजारी उभं राहायचं आणि आपले हात पाठीमागे धरायचे. बघायचं, थांबायचं, पडू द्यायचं नाही. वहिनी म्हणायच्या, हात पुढे करणं कुणालाही येतं, ते शिकायला कॉलेज लागत नाही. मुरैना, भिंड, दतियाकडच्या त्या मुली बिचाऱ्या परेशान व्हायच्या. घरी आजी खोकली की धावत जाण्यात त्यांचा जन्म गेलेला. एकीने विचारलं होतं, "मैडम, घरवाले कहेंगे, नर्स खड़ी-खड़ी तमाशा देख रही है." वहिनी म्हणाल्या, "कहने दो." मग दुसरी म्हणाली, "पर पता कैसे चलेगा कि अब उससे नहीं होगा?" त्यावर वहिनींचं उत्तर मला पाठ आहे, कारण त्या रात्रीच्या जेवणात त्यांनी ते फार खुशीत सांगितलं होतं. "वही बताएगा. और जब बताए, तब एक पल मत रुकना."

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात वहिनींना लकवा मारला. सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि त्या ओट्याशी खाली बसल्या. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, समजतंय त्यांना सगळं, फक्त सांगता येत नाही. मला वाटलं, देवाने नेमकं हेच का करावं? दुसऱ्या कुणाचीही जीभ न्यायची. माझी न्यायची. या घरात आजारी माणसाशी कसं वागायचं हे सांगू शकणारी एकच बाई होती, आणि तिलाच मुकं केलं.

अभिरामने घरी नर्स ठेवली. योगायोगाने ती निघाली वहिनींचीच विद्यार्थिनी, किला गेटजवळ राहणारी उन्नती. खोलीत शिरली, वहिनींकडे पाहिलं, डोळे पुसले, पदर... नव्हे, ओढणी कमरेला बांधली आणि कामाला लागली. चमच्याच्या दांड्याला तिने फडकं गुंडाळून जाड केलं, म्हणजे पकडायला सोपं. वाटीखाली ओला रुमाल, म्हणजे वाटी सरकत नाही. उजव्या हाताचे व्यायाम फिजिओवाला घ्यायचा, पण उन्नती म्हणाली, "आत्या, उजवा येईल तेव्हा येईल. मॅडमनी तोवर डाव्याने जेवायला पाहिजे. एकदा दुसऱ्याच्या हातचं खायची सवय लागली, की मग सगळंच जातं."

आणि वहिनी जेवायला लागल्या. कशा, ते विचारू नका. वरणभात निम्मा तोंडात, निम्मा छातीवर. चमचा गालाला लागायचा, नाकाला लागायचा. उन्नती शेजारी उभी, हात पाठीमागे. एका घासाला इतका वेळ लागायचा, की मला उठून बाहेर जावंसं वाटायचं. पण वहिनींच्या चेहऱ्यावर काही तरी असायचं, पूर्वी पेपर तपासताना असायचं ते. चिडायच्या, चमचा आपटायच्या आणि परत उचलायच्या.

यशश्रीला हे बघवायचं नाही. आमची सून मनाने लोण्यासारखी आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी बोलणार नाही, पण आहे. ती दारातून म्हणायची, "उन्नती, please यार, भरवून टाक ना. आई कितनी थक जाती हैं." उन्नती हसून नाही म्हणायची. अभिराम ऑफिसातून यायचा, आईच्या गाऊनवरचं वरण बघायचा आणि तसाच आत जायचा. त्याच्या मनात काय चाललंय हे मला दिसत होतं. नर्स ठेवलीय आणि ती उभी आहे.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे त्या दिवशी सगळा गोतावळा जेवायला असतो. वहिनींचे थोरले भाऊ मुकुंदराव दाना ओली मोहल्ल्यातून आले, सोवळं नेसून बसले. वहिनींना खुर्चीवर बसवलं, समोर छोटं टेबल, त्यावर नैवेद्याचं पान. पुरणपोळी उन्नतीने वाटीत दुधात कुस्करून दिली होती. वहिनींनी डावा हात उचलला. भरल्या घरात, सगळ्यांसमोर, त्यांनी चमचा बाजूला सारला आणि डाव्या हाताच्या बोटांनीच पुरण उचललं. उन्नतीचे हात पाठीमागे. त्या मुलीचा चेहरा असा फुलला होता, की मला वाटलं हिला शाबासकी द्यावी. बोटांनी घास उचलणं तोवर जमलं नव्हतं.

मुकुंदराव म्हणाले, "शामा, डाव्या हाताने? लक्ष्मीचं पान आहे ते."

सगळी पंगत थांबली. वहिनींचा हात तोंडाजवळ थांबला. त्यांनी भावाकडे पाहिलं. पुरण बोटांतून मनगटावर ओघळत होतं.

मी म्हटलं, "खाऊ द्या त्यांना. उजवा उचलत नाही, तर काय उपाशी मरायचं?"

"उपाशी का? भरवायला माणसं नाहीत का घरात?" मुकुंदराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांचा आवाज भरून आला होता. धाकट्या बहिणीला सणाच्या दिवशी असं बरबटलेलं बघणं त्या म्हाताऱ्याला सोसत नव्हतं. "ही पोरगी नुसती उभी आहे. एवढा मोठा मुलगा बसलाय. कुणीच नाही का आमच्या शामाला?"

अभिराम पानावरून उठला. हात धुतले, आईजवळ गुडघे टेकले, तिचा डावा हात ओल्या फडक्याने पुसून तिच्या मांडीवर ठेवला आणि उजव्या हाताने तिला पुरण भरवायला लागला. तो रडत होता. वहिनी मान फिरवत होत्या, घशातून आवाज काढत होत्या. सगळ्यांना वाटलं, मुलाच्या हातचं खाताना आईला गहिवरून आलं. उन्नती पुढे झाली, "दादा, मॅडम नाही म्हणतायत," म्हणाली. कुणी ऐकलं नाही. कुणाच्या तरी मुलीने त्याचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. पुण्यापासून इंदूरपर्यंतच्या सगळ्या नातलगांनी हात जोडले, फुलं पाठवली, असा मुलगा सर्वांना लाभो म्हणून लिहिलं.

मी काय करणार होते? कुणी वाईट वागलं असतं, तर मी त्याची सालटी काढली असती. भांडायला मला येतं. पण तिथे कुणी वाईट नव्हतं. रडणाऱ्या मुलाच्या हातून वाटी कशी हिसकावून घेणार? आणि घेऊन सांगणार काय, की बाबा, तुझ्या आईवर इतकं प्रेम करू नकोस?

दुसऱ्या दिवशी अभिरामने उन्नतीला नको म्हणून सांगितलं. फार सभ्यपणे सांगितलं. "घरातली माणसं आहेत, आम्ही करू." उन्नती वहिनींच्या पाया पडली. जाड दांड्याचा चमचा माझ्या हातात देत म्हणाली, "आत्या, तुम्ही तरी." मी म्हटलं, "मी या घरात कोण गं? नणंद. भाजीतल्या कढीपत्त्याएवढी माझी किंमत." तरी मी अभिरामशी दोनदा बोलले. उन्नतीने सांगितलेलं सगळं सांगितलं, वहिनी काय शिकवायच्या ते सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, ते पेशंटसाठी. ही माझी आई आहे."

यशश्रीने सासूचं जे केलं, ते सख्खी मुलगी करणार नाही. आंघोळ, वेणी, कपडे, मऊ भात गाळून भरवणं. गाऊनवर डाग नाही, केसाला गुंता नाही. बघायला येणारे म्हणायचे, भाग्यवान आहात शामलाताई. सुरुवातीला वहिनींचा डावा हात वाटीकडे जायचा. यशश्री तो हळूच धरून खाली ठेवायची. "आई, आराम. मी आहे ना." मी भरवायला बसायचं म्हटलं, की यशश्री म्हणायची, "आत्या, आप रहने दो, तुमची कंबर दुखते." दिवाळीपर्यंत हात जायचा बंद झाला. थंडीत फिजिओवाला म्हणाला, "इनकी अपनी कोशिश ही नहीं हो रही." अभिरामला वाटलं, आईने मनाने धीर सोडला. मग ती दोघं आणखी जपायला लागली.

संक्रांतीनंतर त्या दोघांना एका लग्नाला जावं लागलं. दुपारी घरात मी आणि वहिनी. यशश्रीने भात गाळून ठेवला होता, तो मी कपाटात ठेवला आणि साधा वरणभात कालवला, तूप घातलं, लिंबू पिळलं, वहिनींना आवडतो तसा. टेबल पुढे घेतलं. वाटीखाली ओला रुमाल. कपाटाच्या मागून उन्नतीचा चमचा काढला आणि त्यांच्या डाव्या हाताजवळ ठेवला.

"वहिनी," म्हटलं, "आज घरात कुणी नाही. सांडा हवं तेवढं, मी पुसते."

आणि मी शेजारी उभी राहिले, हात पाठीमागे बांधून.

खाली दुकानात कुणी तरी पातेली वाजवून बघत होतं. भाताची वाफ कमी झाली. वहिनी वाटीकडे बघत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यांकडे, जिथून हात मागे गेले होते. ओठाचा डावा कोपरा थोडा हलला. त्यांना कळलं होतं मी काय करतेय. मला इतकं बरं वाटलं, की सांगता येत नाही. मनात म्हटलं, चला, ओळखलंत ना, आता उचला.

त्यांचा डावा हात उठला. हात चमच्यावरून पुढे गेला, टेबलाच्या कडेवरून बाहेर आला आणि माझ्या कोपराला लागला. त्यांनी माझा दंड पकडला. घट्ट पकडला. ओढून माझा हात पाठीमागून पुढे आणला, चमच्यापर्यंत नेला आणि तिथे सोडला. मग तोंड उघडून बसल्या.

वही बताएगा, असं त्या मुलींना सांगत होत्या. सांगितल्यावर क्षणभर थांबायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. मी चमचा भरला आणि त्यांच्या तोंडात दिला. भात गार झाला होता, तरी त्यांनी गिळला आणि परत तोंड उघडलं. माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे लाल वळ उठले होते. एवढी ताकद ज्या हातात आहे, त्याला खरंच चमचा उचलत नाही, की आता उचलावासा वाटत नाही, हे मला कळेना. हे कसं ओळखायचं ते या गावात नीट सांगू शकणारी एकच बाई होती, आणि ती माझ्यासमोर तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होती. मी सगळी वाटी भरवली.