साडूभाऊंनी ‘नंतर’ दाबलं

आमच्या साडूंनी जन्मात एकही छापील सूचना मोडलेली नाही. तोंडी सांगितलेलं ते ऐकतीलच असं नाही. अक्का, म्हणजे माझी मोठी मेहुणी, लग्नापासून जे सांगत आली त्यातलं त्यांनी फारसं काही मनावर घेतलेलं मला आठवत नाही. पण तेच वाक्य कागदावर छापून भिंतीला लावा, की साडूभाऊंसाठी तो कायदा झाला. याचं कारण त्यांच्या नोकरीत असावं. लातूरच्या एका छापखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, आणि खिळे गेल्यावर त्याच खुर्चीत बसून मुद्रितं तपासली. स्वतः बोलतात अस्सल गावाकडचं, ‘हाव’ आणि ‘न्हाई’वालं; पण छापील मजकुरात वेलांटी चुकलेली दिसली की त्यांना जेवण जात नाही. छापलेली गोष्ट दोन-चार जाणत्या माणसांनी वाचून, पारखून मगच बाहेर पडते, अशी त्यांची श्रद्धा आहे.

बिस्किटाच्या पुड्यावर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असं असतं. लातूरच्या उन्हाळ्यात कोरडी जागा म्हणाल तर सगळं शहरच आहे. प्रश्न थंड जागेचा. साडूभाऊ सकाळी पुडा देवघरात ठेवायचे, दुपारी ऊन फिरलं की माठामागे न्यायचे, मग माठाजवळ ओल असते हे लक्षात येऊन तिथून हलवायचे. पाहुण्यांसमोर बिस्किटं येईपर्यंत चहा निवलेला असायचा. जवळच्या मुरूडहून एकदा मला दुचाकीवर मागे बसवून लातूरला आणत होते. पुढे उसाचा ट्रक होता आणि त्याच्या पाठीवर ‘आवाज द्या’ असं लिहिलं होतं. साडूभाऊ आवाज देत राहिले. ट्रकवाल्याने तीनदा हात दाखवून पुढे जायला सांगितलं, पण पुढे जा असं काही त्या ट्रकवर लिहिलेलं नव्हतं. लातूर येईपर्यंत माझे कान बधिर झाले होते.

शिकवण्यांचं पेव फुटलं तेव्हा तर त्यांचे फारच हाल झाले. गल्लोगल्ली क्लास निघाले, आणि त्यांची निम्मी पत्रकं साडूभाऊंच्याच हाताखालून जाऊ लागली. प्रत्येकावर ‘आजच प्रवेश घ्या’ असं ठळक अक्षरात. मुलगी शीतल दहावी झाली तेव्हा ते एका दिवसात तिला सहा क्लासांच्या दारात घेऊन गेले. सातव्या दारात अक्काने दोघांना गाठलं आणि घरी आणलं.

या स्वभावाची आम्ही सगळे थट्टा करतो. पण एका जागी येऊन गप्प होतो. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या आधी साडूभाऊ गावीच राहायचे आणि रोज एसटीने छापखान्यात यायचे. त्या वर्षभरात जमिनीला लहान लहान धक्के बसत होते, भांडी वाजत होती, आणि लोकांना त्याची सवय होऊन गेली होती. गावच्या शाळेतल्या एका गुरुजींना मात्र चैन पडेना. त्यांनी एक मजकूर लिहून छापखान्यात आणला : ‘धक्के जाणवत असल्याने ग्रामस्थांनी घरात झोपू नये.’ तो साडूभाऊंनीच जुळवला, आणि गावात जाऊन भिंतीभिंतीवर स्वतःच्या हाताने चिकटवला. गाव हसलं. साडूभाऊंनी मात्र त्याच दिवशी अंथरुणं उचलून खळ्यावर नेली. अक्का तेव्हा नवी नवरी. पंधरा दिवस उघड्यावर झोपून वैतागली, माहेरी निघून जाते म्हणाली. मग ती पहाट आली. साडूभाऊंच्या घरचे सहाच्या सहा जण खळ्यावर उभे राहून आपल्या घराचा ढीग झालेला बघत होते. शीतल त्यानंतर दीड वर्षाने जन्मली. या गोष्टीबद्दल साडूभाऊ माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, “टाइप बारीक झाला व्हता, भाऊ. मोठा घ्याया पाहिजे व्हता. लोकायनी वाचलंच न्हाई.”

आता शीतलच्या अर्जाच्या दिवसाबद्दल. शीतलला वैद्यकीयच्या प्रवेशपरीक्षेत चांगले गुण मिळाले होते आणि कोणती महाविद्यालयं हवीत त्यांची यादी संगणकावरून भरायची होती. शेवटचा दिवस, शेवटची वेळ सायंकाळी पाच. सकाळी आठला मला नांदेडला साडूभाऊंचा फोन आला. मी तिथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. कधीकाळी मी संगणकाचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलं होतं, तेवढ्यावर सासरचे सगळे मला तज्ज्ञ समजतात.

“भाऊ, कंप्युटर म्हणून राहिला, रिस्टार्ट करा.”

“मग करा की.”

“परवापासून करूनच राहिलो. चाळीसदा झालं. चालू झाला की पुन्हा त्येच म्हणतो.”

मागून शीतलचा रडवेला आवाज आला, “काका, अर्ज अर्धा भरला की बाबा बंद करतात!”

“नेट कॅफेत जा,” मी म्हणालो.

“न्हाई जमत,” साडूभाऊ म्हणाले. “माहितीपुस्तकात छापलंय. पासवर्ड सार्वजनिक ठिकाणी वापरू नये. पान नऊ.”

मी रजेचा अर्ज ठेवला आणि बस धरली. लोह्याला गाडी अर्धा तास उभी राहिली. लातूरच्या स्टँडवरून रिक्षाने घरी पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. संगणकासमोर साडूभाऊ बसले होते, अंघोळ नाही, दाढी नाही. पडद्याच्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची एक चौकट होती : सुरक्षा पूर्ण करण्यासाठी संगणक पुन्हा सुरू करा. खाली दोन बटणं, ‘आता’ आणि ‘नंतर’. त्याखाली दहा मिनिटं उलटी मोजली जात होती. काहीच दाबलं नाही तर संगणक आपणहून बंद होणार होता.

“नंतर दाबा ना!” मी म्हणालो.

“नंतर म्हंजे किती वाजता? त्येनी वेळ लिव्हली न्हाई. वर मोठ्या अक्षरात तर लिव्हलंय, करा म्हणून.”

पुढचा दीड तास मी तज्ज्ञासारखा वागलो. तारीख तपासली, अपडेट केलं, दोनदा मीच रिस्टार्ट केलं, केबल काढून लावल्या. चौकट येतच राहिली. घड्याळात तीन वाजून गेले. शेवटी शीतलच वाकून बघत म्हणाली, “काका, ही घड्याळापाशी दोन चिन्हं कशाला आहेत?”

तिथे दोन अँटिव्हायरस होते. एक दुकानदाराने संगणकासोबत दिलेला. दुसरा एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीतला. तिच्या वेष्टनावर ‘आजच वापरून पाहा’ असं छापलेलं होतं, म्हणून साडूभाऊंनी त्याच दिवशी वापरून पाहिला होता. दोघे एकमेकांना काढू पाहत होते, आणि त्यासाठी दर वेळी रिस्टार्ट मागत होते. एक काढून टाकायचा तर तासभर तरी जाणार. आधी अर्ज भरणं भाग होतं, आणि तोवर दर दहा मिनिटांनी ‘नंतर’ दाबणं.

साडूभाऊंना हे पटेना. मी कागदावर लिहून दिलं, तरी पटेना; ते हस्ताक्षर होतं. मग शीतलने ओळखलं. तिने मोठ्या टायपात एक मजकूर टाइप केला, प्रिंटरवर छापला आणि पडद्याच्या वरच्या कडेला चिकटवला : ‘सूचना – आज सायंकाळी सहा वाजेपर्यंत हा संगणक बंद करू नये. चौकट आल्यास नंतर हे बटण दाबावे.’ साडूभाऊंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. खिशातून पेन काढून ‘नंतर’ला अवतरणचिन्हं घातली. मग म्हणाले, “ठीक हाय,” आणि खुर्ची बाजूला घेऊन बसले.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना शीतलने यादी पाठवली. पान फिरत राहिलं, फिरत राहिलं. अर्ज पक्का करण्याचा आकडा तिच्या मोबाइलवर येणार होता आणि घरात रेंज नव्हती, म्हणून ती गच्चीवर धावली. मीही मागे धावलो. आकडा आला. तो ओरडत आम्ही जिन्यावरून उतरतो तोच अक्काची किंकाळी आली, “अहो, आलं बघा त्ये!”

आम्ही दारात पोचलो. पडद्यावर चौकट होती, आणि या वेळी तिच्यात दहा मिनिटं नव्हती, शेवटचे काही सेकंद होते. ती केव्हाची पानामागे दडून बसली होती. साडूभाऊंचा हात माउसवर होता. त्यांनी एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा वरच्या कागदाकडे, मग डोळे मिटले आणि दाबलं.

चौकट गेली. पान तसंच होतं. शीतलने आकडा टाकला आणि पोचपावती आली.

“दाबलं,” साडूभाऊ म्हणाले. “नंतर दाबलं म्या.” आणि तिथेच खुर्चीत बसून ते हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. अक्का आधी त्यांना रागावली, मग मला, आणि मग सगळ्यांसाठी उपीट टाकायला आत गेली. मी दुसरा अँटिव्हायरस सावकाश काढला. शेवटचं एक रिस्टार्ट झालं. पडदा स्वच्छ उघडला आणि काहीच न मागता तसाच राहिला. इतकं सुटल्यासारखं मला माझ्या स्वतःच्या परीक्षेतही वाटलं नव्हतं.

शीतलला प्रवेश मिळाला. लांबचं गाव, पण महाविद्यालय सरकारी. ती गेल्यानंतर महिनाभराने एका सकाळी साडूभाऊंचा फोन आला. मी धास्तावून विचारलं, “पुन्हा मागतोय का रिस्टार्ट?”

“न्हाई, न्हाई. एकदम गप हाय.” ते म्हणाले. “सकाळी चालू करून बसतो. वाटतं, पोरीचं पत्र-बित्र आलं आसंल. लई शांत वाटून राहिलं घरात.”

 “रविवारी येतो,” मी म्हणालो.

“या की,” ते म्हणाले. “काय काम न्हाई, तसंच या.”

मी रविवारी सकाळच्या पहिल्या बसने गेलो.