मोटारीच्या उशाशी

काम सुरू करण्याआधी चाचा बोनेटवर उजवा पंजा ठेवायचे. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. डोळे मिटून जरा थांबायचे आणि म्हणायचे, "झोपेल हाय. मेली नाई."

यंत्रांशी बोलणारा असा एखादा मिस्त्री तुमच्याही ओळखीचा असेल. मेहकरात आमचे चाचा होते. बसस्थानकामागे चार पत्रे आणि एक बाभूळ, हे त्यांचं गॅरेज. ते गेले हे मला ठाऊक आहे. मी मातीला जाऊन आलो. तरी संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की मी हातातलं पुस्तक मिटून उठतो.

माझे वडील वकील होते. त्यांच्यामागे त्यांची काळी मोटार शेडमध्ये इतकी वर्षं उभी होती की मागच्या सीटवर मांजरींच्या पिढ्या वाढल्या. मग नागपूरहून दादाचा फोन आला. दिवाळीला येतोय, तोवर सुरू झाली तर ठेवू, नाहीतर भंगारात देऊ. दादा बोलतो ते करतो. माझ्याकडे बाबांचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. ते घरी आल्याची खूण म्हणजे त्या इंजिनाची घरघर. तेवढीच परत मिळण्याजोगी होती.

चाचांनी प्लग काढले, त्या भोकांतून तेल सोडलं आणि चहा मागितला.

"आता?" मी विचारलं.

"आता काई नाई. आज एवढंच."

पिस्टन गंजून आत धरले होते. चाचा रोज दिवस कलल्यावर, असरच्या नमाजनंतर यायचे, पंजा ठेवायचे, मोटारीच्या तोंडाशी लोखंडी हँडल लावून त्यावर नुसता भार द्यायचे. ते हलायचं नाही. मग थोडं तेल, चहा, आणि "आज एवढंच." जाताना हँडल फडक्यात गुंडाळून काखेत मारायचे.

"राहू द्या ना इथंच," मी एकदा म्हणालो.

"नाई मास्तर. तुमाले सारं कालच झालेलं पायजे असते. मी गेलो का तुमी जोर लावसान."

दादाला एवढा धीर कुठला! त्यानं फोनवरूनच ओळखीच्या एकाचा ट्रॅक्टर पाठवला. दोर बांधून ओढा, झटक्यात सुरू होईल. चाचा मोटारीपुढे मांडी घालून बसले आणि पान लावू लागले.

"उठा ना चाचा, डिझेल जळून राह्यलं," ट्रॅक्टरवाला ओरडला.

"जळू दे. आतून मोडली तं कोन जोडन? तू?"

"मले तं साहेबानं सांगतलं."

"मंग साहेबाले सांग, मधात एक म्हातारा बसेल हाय. पान खाशीन?"

ट्रॅक्टरवाला पान खाऊन परत गेला.

पुढे एका संध्याकाळी हँडल बोटभर हललं. चाचा हसले नाहीत. हळूच म्हणाले, "कूस बदलली तिनं."

ज्या दिवशी त्यांनी प्लग परत लावून, नवी बॅटरी बसवून बाटलीतून नवं पेट्रोल जोडलं, त्या दिवशी हँडल मला धरायला लावलं. "अंगठा बोटांच्या बाजूलेच ठेवा. उलटं मारलं तं मनगट जाते." माझ्यानं काही झालं नाही. मग त्यांनी स्वतः फिरवलं. एक खोकला, निळा धूर, आणि एकदम तो आवाज. मी फाटकाकडे वळून पाहिलं. खरंच पाहिलं. बायको कणकेच्या हातांनी धावत बाहेर आली. आणि चाचांनी इंजिन बंद केलं.

"चाचा!"

"रेडिएटर कोरडं हाय. पह्यल्याच दिशी दमवू नोका तिले. आज एवढंच. उद्या पानी भरून चालवू."

सकाळी मी पाण्याची बादली भरून शेडमध्ये नेऊन ठेवली. फाटकाशी शेजारी उभा होता. म्हणाला, "चाचा गेले."

"कुठे?" मी विचारलं.

पहाटे नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करता करता कोसळले म्हणे. त्याचे ओठ हलत होते. मी ऐकत होतो आणि मनात एकच होतं, बादली तर भरून ठेवली आहे. मूठमाती देताना माझ्या बोटांना अजून पेट्रोलचा वास होता.

दादा आला. "सुरू झाली होती," मी सांगितलं. त्यानं शेडमधल्या मोटारीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भंगारवाला दुसऱ्या दिवशी यायचा होता. हँडल चाचांच्या घरी होतं, आणि दुःखाच्या घरी जाऊन लोखंड मागायला माझे पाय वळेनात.

संध्याकाळी कडी वाजली. चाचांची लेक होती. तिच्या हातात ते फडकं.

"अम्मीनं पाठोलं. अब्बा याले कोनाले हात लावू देत नव्हते." ती वळली, पुन्हा थांबली. "मी मोटार ऐकू का, मास्तर? त्या दिशी घरी आले तं जेवलेच नाई. ताटावर बसून निस्ता तिचा आवाज काढून दाखवत होते."

मी पाणी भरलं, पेट्रोलची बाटली लावली. अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा खोकला. दादा काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात इंजिन लागलं. तो शेडच्या पायरीवर खाली बसला. त्यानंही फाटकाकडे पाहिलं होतं.

लेक बोनेटपाशी गेली. तिथल्या धुळीत एक तेलकट पंजा उमटलेला होता, पाचही बोटं स्पष्ट. इंजिनाबरोबर तो थरथरत होता. तिनं आपला हात उचलला, पण त्यावर ठेवला नाही.